दुसरं डोकं

"चालवून दाखवा," गोगटे म्हणाले. "चालला तर आत्ता पैसे देऊन घेऊन जातो. नाही चालला तर तुमचा तुम्हाला लखलाभ."

पुण्याचा माणूस. बोलायला गोड, पण बोलण्यात पळवाट म्हणून ठेवायची नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आमच्या लेथच्या कारखान्यात ते उभे होते. दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळची वेळ. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांच्या गळ्यात अजून झेंडूच्या माळा होत्या. टेबलावर पिवळा पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर पाटावर एक हिरवा बोर्ड, तळहाताहून जरासा मोठा. त्याच्याचसाठी गोगटे आले होते.

त्या बोर्डाला आमच्या घरात 'दुसरं डोकं' म्हणायचे. कॉम्प्युटरला स्वतःचा एक प्रोसेसर होताच, पण हा बोर्ड आतल्या खाचेत खोचला की त्याला आणखी एक प्रोसेसर मिळायचा आणि पहिल्याला न येणारे प्रोग्रॅम तो चालवायचा. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासकडून ही जोडी उचलून आणली, तेव्हा मी नवीन सून होते. लग्नाआधी आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेली. मामंजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, "लेथ चालवायला दोन पोरं हायत. ह्ये चालवायला सुमित्रा." झालं. ते होते तोवर मी रोज त्या मशीनवर बसले. ते गेले, आणि मशीन रस्त्याकडच्या खोलीत चादरीखाली जाऊन बसलं.

आता खरी गोम त्या खोलीत होती, बोर्डात नव्हे.

मी घरातल्या घरात दुरुस्तीची कामं घ्यायचे. यूपीएस, कुणाचा टीव्ही, कुणाचा कॉम्प्युटर. सगळं स्वयंपाकाच्या ओट्यावर. एका बाजूला भाकरीचा तवा, दुसऱ्या बाजूला सोल्डरचा धूर. एकदा पिठाच्या डब्यात स्क्रू निघाला, तेव्हा माझी जाऊ, अक्का, म्हणाली, "सुमे, आज भाकरीत वायर तर न्हाई ना गं?" सगळे हसले. मीही हसले, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. मला जागा हवी होती. दार असलेली, रस्त्यावरून माणूस थेट आत येईल अशी. ती खोली कारखान्याला लागूनच होती, रस्त्याकडे तोंड करून. नवरात्र बसायच्या आधी मी ती मागितली.

मागितली कुणाकडे? मोठ्या भाऊजींकडे. रंगराव भाऊजी म्हणजे घराचा शेवटचा शब्द. आमचे हे म्हणजे भावापुढे तोंडात मूग. भाऊजी जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "त्या खोलीत भंगार भरलंय. दसरा झाला की काढणार आणि कास्टिंग लावणार. भाईर भिजून गंजाय लागलंय सगळं."

"भंगार नाही ते," मी म्हणाले. "त्यातला बोर्ड विकला जाईल."

"कोण घेतंय त्ये डबडं?"

"घेणारा आला तर?"

भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला. "चालू वस्तू म्हणून कुणी रोख पैसे मोजून नेली, तर खोली तुझी. किल्लीसकट. न्हाई नेली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कास्टिंग आत."

"शब्द?"

"रंगरावाचा हाय."

ह्यांना ठसका लागला. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी दुसऱ्याच दिवशी नेट कॅफेत जाऊन जाहिरात टाकली. बरेच दिवस कुणी विचारलं नाही. मग गोगट्यांचा फोन आला. जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद होता त्यांना. सासुरवाडी कोल्हापूरची, दसऱ्याला येणारच होते. म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, मशीन चालू करून ठेवा.

मी तयारीत कसूर ठेवली नव्हती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन उघडून झाडलं, बोर्डाचे सोनेरी दात खोडरबरानं घासून लखलखीत केले, खोचला, चालू केला. पहिल्या फटक्यात चालला! मी एकटीच त्या खोलीत टाळ्या वाजवल्या.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कारखान्यातलं झाडून सगळं हत्यार पूजेला बसतं. लेथपासून पान्यापर्यंत. पूजा करणार मोठे भाऊजी, हत्यार कुणाचंही असो. आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत उचलायचं नाही, ही मामंजींपासूनची रीत. मीही मशीन कारखान्यातल्या टेबलावर आणलं आणि बोर्ड त्यातून काढून समोर पाटावर ठेवला. ज्याच्या जिवावर सगळं टांगलंय, त्याला वेगळा नमस्कार हवा ना! मशीनचं झाकण लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि पुरण वाटायला स्वयंपाकघरात गेले.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गोगट्यांसमोर, मी पाटावरचा बोर्ड उचलला, पदरानं पुसला. आधी बोर्डाशिवाय मशीन चालू करून दाखवलं. टुक् करून आवाज, पडद्यावर हिरवी अक्षरं. गोगट्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"वा, वहिनी! काय राखलंय!"

मशीन बंद केलं, झाकण काढलं, बोर्ड खाचेत दाबला, फ्लॉपी घातली, बटण दाबलं.

पडद्यावर नुसते चौकोन. अख्ख्या पडद्यावर चौकोनच चौकोन.

बंद केलं. पुन्हा चालू केलं. चौकोन. बोर्ड काढून पुन्हा खोचला. चौकोन. मागं भाऊजी उभे होते, हाताची घडी घालून.

गोगट्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. जुन्या वस्तूंचं असंच असतं. काल चालते, आज नाही. मी निघतो."

"झालं तर मग," भाऊजी म्हणाले आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "ए, कास्टिंग घ्या रे आत!"

बाहेर खडखडाट सुरू झाला. दोघे कामगार ओतीव लोखंडाचा पहिला गठ्ठा उचलून रस्त्याकडच्या खोलीत शिरले. धाडकन जमिनीवर टाकल्याचा आवाज आला. हे माझ्या शेजारी येऊन पुटपुटले, "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी काय बघणार होते, देव जाणे.

आणि तेवढ्यात अक्का आली, हातात मिसळीची ताटली घेऊन.

"निघालं कुठं पावणं?" ती म्हणाली. "कोल्हापुरात येऊन मिसळ न खाता? आमची काय इज्जत हाय का न्हाई? बसा!"

"अहो, मला बस..."

"बस काय, मागनं दुसरी येतीया. बसा म्हटलं न्हवं!"

गोगटे बसले. अक्कापुढे कुणाची टाप आहे उभं राहायची! तिनं ताटली हातात दिली आणि जाता जाता माझ्या दंडाला चिमटा काढला. मी समजले. पाव्हण्यांची ताटली रिकामी होईपर्यंत वेळ माझा.

मी मशीनवर वाकले. डोकं शांत ठेव, सुमे. तीन दिवसांपूर्वी चाललं, आज चालत नाही. मधे काय झालं? काहीच नाही. कुणी हातसुद्धा लावला नाही, लावायचाच नव्हता. मग बोर्ड मरेल कसा? मी वरून बघितलं, बाजूनं बघितलं. शेजारी फ्लॉपीचा बोर्ड होता, त्याच्याशी ताडून बघितलं. दुसऱ्या डोक्याचं एक टोक मला किंचित वर वाटलं. पण खरंच वर होतं, की माझी आशा मला तसं दाखवत होती?

मागं गोगट्यांचा ठसका ऐकू आला. "तिखट आहे हो!"

"तिखट कुठं? थोडा कट घाला वरनं," अक्का म्हणाली आणि वाटीभर लाल कट त्यांच्या ताटलीत ओतला. गोगट्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. पुण्याच्या माणसानं चमचा खाली ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूनं मी आजही सांगते.

मी ताठ झाले आणि वळले. "भाऊजी, जरा इकडं या."

"आता काय?"

"तुमची नजर पाहिजे."

उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होतं, रंगरावांच्या डोळ्याला माप लागत नाही. लेथवरचा रॉड दुरून बघून सांगायचे, एवढा वाकडा आहे. लोक पैज लावून मोजायचे आणि हरायचे. पण आज ते पैजेच्या दुसऱ्या बाजूला होते. "काय न्हाई, सरळ हाय" एवढं म्हणाले असते, तर मी संपले होते. ते मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

"हा बोर्ड खाचेत सरळ बसलाय का?" मी विचारलं.

भाऊजी वाकले. एक डोळा मिटला. बाहेरून दुसरा गठ्ठा आत गेल्याचा धाडकन आवाज आला. त्यांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली. मिशी थोडी थरथरली. मला वाटलं, आता म्हणतील सरळ हाय.

"डावीकडं वर हाय," ते म्हणाले. "अर्धं सूत." म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर.

"नक्की?"

"माझ्या नजरंला नक्की इचारतीस?" ते भडकले. "अर्धं सूत म्हणजे अर्धं सूत!"

खोटं बोलायला जमलंच नाही त्यांना. मापात खोटं बोलला तो रंगराव कसला!

मी बोर्ड काढला. खाचेच्या डाव्या टोकाला टॉर्च मारला. आत अंधारात, तळाशी काहीतरी लालसर दिसलं. वाटलं, गंज. मग वाटलं, गंज असा गोल कशाला असेल? चिमटा घेतला, टोक आत घातलं. घट्ट चिकटलं होतं. हळूच हलवलं, पुन्हा हलवलं आणि वर काढलं.

तांदळाचा दाणा. कुंकवात भिजलेला, वाळून खडा झालेला.

अक्षता!

"भाऊजी," मी म्हणाले, "खंडेनवमीला ह्याचं झाकण उघडलं होतं कुणी?"

भाऊजी दाण्याकडं बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मीच की. लेथची पूजा करताना गिअरबॉक्स उघडून आतल्या चाकांवर कुंकू वाहतो मी. काम करतंय त्ये आत, झाकणाची काय पूजा करायची? म्हणून ह्येचंबी उघडलं. आण्णांचं मशीन म्हणून मूठभर जास्तच टाकल्या."

आण्णा म्हणजे मामंजी. बोर्ड पाटावर, खाच मोकळी, झाकण उघडं, आणि वरून भाऊजींच्या हातची मूठभर ओल्या अक्षता! त्यातला एक दाणा नेमका खाचेत पडला आणि तिथंच वाळून बसला. बाकीचे तांदूळ मशीनच्या तळाशी सापडले, ते मी फुंकून काढले.

मी भाऊजींचा हात धरला, उघडला आणि तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तुमच्याच हातचा प्रसाद."

अक्का फिस्कन हसली. ह्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. भाऊजींनी मूठ मिटली.

मी कुंचल्यानं खाच झाडली, बोर्ड खोचला. या वेळी दाबताना हाताला कळलं. पूर्ण आत गेला, तळापर्यंत. फ्लॉपी घातली. गोगटे ताटली हातात घेऊनच उठून आले, नाक पुसत. मी बटण दाबलं.

फ्लॉपी खरखरली. पडदा काळा राहिला. आणि मग हिरव्या अक्षरांची एक ओळ सरकत आली. इंग्रजी अक्षरं, पण भाषा आमची.

भाऊजींनी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "या पावणं. बसा. काय काढलंसा?"

दारात पाय टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामंजी हेच म्हणायचे. मी हा प्रोग्रॅम केला तेव्हा त्यांनीच हट्ट धरला होता, "मशीननं बी माणसाला बसा म्हटलं पायजे." ते मी विसरले नव्हते, पण भाऊजींनी ते कधी पाहिलंच नव्हतं. मशीनजवळ ते कधी येतच नसत. त्यांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि म्हणाले, "धूर लई झालाय हितं." धूर कुठं होता? कारखाना तर दोन दिवस बंद होता. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"हे काय करतं?" गोगट्यांनी विचारलं.

"लेथवर कुठले आटे पाडायचे ते सांगा, कुठले गिअर लावायचे ते हे सांगतं," मी म्हणाले. "दुसऱ्या डोक्यावरच चालतं हे. पहिल्याला झेपत नाही. भाऊजी, तुम्ही विचारा त्याला."

भाऊजींनी एक माप सांगितलं, मुद्दाम अवघड. मी टाकलं. मशीन क्षणभर थांबलं आणि गिअरचे आकडे आले. भाऊजींनी छताकडे बघत मनात हिशेब केला.

"बराबर हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आण्णांनी मलाच इचारून घातलं आसनार ह्यात." तेही खरंच होतं. मामंजी रोज रात्री जेवताना भाऊजींना आकडे विचारायचे आणि सकाळी मला सांगायचे. आपलं डोकं त्या मशीनमध्ये चाललंय, हे भाऊजींना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

गोगट्यांनी घासाघीस केली नाही. ठरलेले पैसे पाकिटातून काढले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिले. मी बोर्ड काढला, मऊ कापडात गुंडाळला, खोक्यात ठेवला. हात जरा जड झाला, खोटं कशाला सांगू. पण विकायला काढलेली वस्तू विकायची.

"ती फ्लॉपीसुद्धा..." गोगटे म्हणाले.

"फ्लॉपी नाही. ती घरची आहे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "वहिनी, माझ्याकडे अशी बंद पडलेली मशीनं खोलीभर आहेत. पुण्यात कुणी हात लावायला तयार नाही. तुम्ही बघाल?"

"बघीन की! पाठवा."

"पत्ता हाच?"

मी भाऊजींकडे बघितलं. सरळ, डोळ्याला डोळा देऊन. "पत्ता हाच," मी म्हणाले, "फक्त 'रस्त्याकडची खोली' असं लिहा."

भाऊजींनी घसा खाकरला. दाराकडे वळले आणि असे ओरडले की समोरच्या फौंड्रीतले लोक बाहेर आले. "ए! कास्टिंग काढा रे भाईर!"

"मालक, आत्ताच आत लावलं की सगळं!"

"मग आत्ताच भाईर काढा! खोली सुमित्राची हाय!"

कामगार तोंडातल्या तोंडात काय बोलले ते मी ऐकलं, पण सांगत नाही. भाऊजींनी स्वतः अंगरख्याच्या बाह्या वर केल्या आणि पहिला गठ्ठा त्यांनीच उचलला. ह्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, तेही धावले. दोघे भाऊ लोखंड वाहत होते, आणि अक्का दारात उभी राहून म्हणत होती, "ह्ये बी ऱ्हायलं बघा कोपऱ्यात! त्ये बी न्या!" गोगट्यांची बस चुकली. त्यांना दुसरी ताटली खावी लागली.

त्या दिवाळीत खोलीला रंग लागला आणि दारावर पाटी लागली: 'दुसरं डोकं. कॉम्प्युटर दुरुस्ती.' नाव अक्कानं सुचवलं. गोगट्यांची मशीनं आली, त्यांच्या ओळखीच्यांची आली, मग मुंबईहून, हैदराबादहून येऊ लागली. ओट्यावर आता भाकऱ्याच होतात.

आणि पुढची खंडेनवमी आली. मी माझं मीटर, सोल्डर, चिमटे असं सगळं गोळा करून कारखान्यात पूजेला न्यायला निघाले, तर दारात भाऊजी. धुतलेलं धोतर, हातात पूजेचं ताट.

"कुठं निघालीस?" ते म्हणाले. "तुझी हत्यारं हितंच ऱ्हाऊ देत. तूच पूज."

"मी?"

"मग मी कोण पूजणारा? चालवतीस तू आनि पूजा माझी?"

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पूजेचं ताट माझ्या हातात कधी आलं नव्हतं. मी घेतलं. बघितलं. हळद होती, कुंकू होतं, झेंडू होता, निरांजन होतं. एक गोष्ट नव्हती.

"भाऊजी," मी म्हणाले, "अक्षता कुठायत?"

भाऊजींनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर लाल तांदूळ काढले.

"त्या मशीनवर न्हाई टाकायच्या आता," ते म्हणाले. "हितं टाकायच्या."

आणि ती सगळी मूठ त्यांनी माझ्या डोक्यावर मोकळी केली.